धाकटीनं न बोललेली क्रियापदं

मला शेहेचाळिसाव्या वर्षी इंग्रजी येऊ लागलं, असं मी चारचौघांत सांगते. खरं म्हणजे येत नव्हतं, मी ते ओढून आणत होते. नाकातून. कोणीतरी म्हणालं होतं की इंग्रजी नाकातून बोललं की साहेबी वाटतं. मग काय, मी महिनाभर सर्दी झाल्यासारखी बोलत हिंडले. सासूनं दोनदा अडुळशाचा काढा पाजला. तिसऱ्यांदा तिनं लिंबू-मिरची ओवाळून टाकली, म्हणे हिला बाहेरचं लागलं.

आमचं गाव मोहर्लीच्या अलीकडे, ताडोब्याच्या रस्त्याला लागून. माझा नवरा जंगलात जिप्सी चालवायचा, पाहुण्यांना वाघ दाखवायचा. गाडी दुसऱ्याची, हात याचे. एके दिवशी तो निरोप घेऊन आला की आता बायांनाही गाईड म्हणून घेणार आहेत. अट एकच, दहावी पास. तीन महिने वर्ग, मग परीक्षा. वर्गाला बाया नऊ आणि जागा सहा.

आमच्या घरात दहावी पास बाया दोन. मी तिसऱ्या झटक्यात झाले होते, तेही मराठीनं हात दिला म्हणून. दुसरी माझी धाकटी जाऊ, माझ्या दिराची बायको. ती पहिल्याच झटक्यात, आणि गणितात साठ घेऊन. माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान, काटक, कमी बोलणारी. दीर पीत होता. घर तिच्या मजुरीवर चालत होतं: पावसाळ्यात लोकांच्या बांध्यांत धानाची रोवणी, दिवाळीला कापणी, उन्हाळ्यात मोहफुलं. वर्गाला नाव दिलं त्या दिवशी मी तिला विचारलं, "काऊन वो, तुले कायले पाह्यजे गाईडगिरी? तुले त माणसाईसमोर बोलाले बी नाई जमत."

ती म्हणाली, "बाई, मले एकदा तरी बसून काम कराचं हाय. वाकून वाकून पाठ मोडून राह्यली माही."

मी हसले. तेव्हाची मी फार हसायची. कशाला हसावं याची अक्कल मात्र नव्हती.

वर्ग गेटजवळच्या हॉलमध्ये भरायचा. शिकवायला नागपूरची एक पोरगी, पंचविशीची. आम्ही तिला मॅडम म्हणायचो, ती आम्हाला ताई. पहिल्या दिवशी तिनं भिंतीवर एक मोठा फोटो लावला. वाघीण पाण्यात बसलेली. "शी काय करते आहे, सांगा."

मी हात वर केला. वर्गात पहिला हात माझाच असायचा, उत्तर असो नसो. चंद्रपूरहून आणलेला काळा गॉगल डोक्यावर चढवून मी उभी राहिले आणि नाकातून म्हणाले, "टायगर इज सिटिंग."

मॅडम म्हणाली, "ताई, बसली आहे हे पाहुण्यालाही दिसतंय. त्यानं तुम्हाला डोळे म्हणून सोबत नाही घेतलं. जे त्याला दिसत नाही ते सांगा."

मागून माझी जाऊ हळूच, मराठीतच म्हणाली, "तिचे कान मांगं हायेत. कोणाची तरी वाट पाहून राह्यली."

मॅडमनं फळ्यावर लिहिलं, वेटिंग. मग ते पुसलं आणि लिहिलं, अँटिसिपेटिंग. म्हणाली, नुसती वाट पाहणं वेगळं. काय येणार आहे ते ठाऊक असून अंग तयार ठेवणं, ते हे. त्या दिवसापासून आमच्या वह्यांत असली जड जड क्रियापदं भरू लागली. कम, गो, ईट, ड्रिंक या आपल्या शाळेतल्या मैत्रिणी मागे राहिल्या. हेजिटेट, म्हणजे पाय उचलून पुन्हा थबकणं. इग्नोर, म्हणजे पाहूनही न पाहणं. टॉलरेट, म्हणजे आपली गाडी वाघिणीला आवडलेली नाही, पण ती खपवून घेते आहे. किती वेळ, ते मात्र सांगता येत नाही. प्रिटेंड, म्हणजे सोंग. बिबट्या झाडावर झोपेचं सोंग घेतो. हे क्रियापद मला एका दिवसात पाठ झालं. ते आमच्याच घरचं होतं.

आणि वाघाचे पायठसे दिसले की काय म्हणायचं? आपण तर त्याला पाहिलेलं नाही. मॅडम म्हणाली, तेव्हा म्हणा, मस्ट हॅव क्रॉस्ड. इथून गेलाच असणार. ठसा ताजा नसेल, कडा मोडल्या असतील, तर माइट हॅव. गेला असेल. माझ्या जावेला हे फार आवडलं. घरी येताना ती म्हणाली, "पाहा बाई, इंग्रजीत अंदाजाची बी पायरी हाय. पक्का अंदाज वेगळा, कच्चा वेगळा." मला त्यात काय एवढं ते कळलं नाही. मी गॉगल पुसत होते.

तिला वेळ कुठे होता? पहाटे मोहफुलं वेचताना आम्ही दोघी पाठ करायचो. मी झाडाखाली बसून वहीतून विचारायची, ती टोपलीत फुलं टाकत सांगायची. नुसतं सांगायची नाही, करून दाखवायची. हेजिटेट म्हटलं की एक पाय उचलून, मान तिरपी करून अशी उभी राहायची की मला खरोखर मागे वळून पाहावं वाटायचं. जंगलात जे नाही ते आम्ही घरात लावलं. गोठ्यातली म्हैस चिखलात वॉलो करायची. सासू ग्रम्बल करायची. माझा दीर बाजारातून झोकांड्या खात आला की जाऊच म्हणायची, "ही इज स्टॅगरिंग," आणि तो ओट्याला अडखळला की, "नाऊ ही हॅज स्टम्बल्ड." मग आम्ही दोघी तोंडात पदर कोंबून हसायचो आणि तो ओरडायचा, "काय चावळून राह्यल्या वो तुम्ही, साहेबाच्या पोट्ट्या?"

एकदा मी खोडी काढली. म्हटलं, "आता माह्या नवऱ्यावर एक वाक्य कर पाहू. ही ड्राइव्ह्स."

तिनं कानाच्या पाळ्या धरल्या. "अव बाई! भासऱ्यावर वाक्य कसं करू?"

भासरा म्हणजे नवऱ्याचा मोठा भाऊ. त्याच्यासमोर भावसुनेनं उभं राहू नये, त्याच्या कानावर आपला आवाज पडू देऊ नये, ही आमच्याकडची रीत. आता सैल झाली आहे. पण माझी जाऊ ज्या घरातून आली होती तिथं ती घट्ट होती, आणि तिनं ती आमच्या घरातही घट्टच ठेवली. माझा नवरा अंगणात यायच्या आधी खोकायचा. ती पदर ओढून आत व्हायची. चहा द्यायचा असला तर कप खिडकीत ठेवून बांगड्या वाजवायची. सतरा वर्षं एका अंगणात राहून त्या माणसानं तिचा आवाज ऐकला नव्हता. त्यालाही त्याचं काही वाटत नव्हतं, तिलाही नाही. ते दोघं एकमेकांना तसाच मान देत होते. मीच एक शहाणी, की मला ते मागासलेलं वाटायचं. आणि हो, मी स्वतः नवऱ्याचं नाव आजवर घेतलेलं नाही. पण सुधारणा नेहमी दुसरीनं करायची असते.

दोन महिन्यांनी वर्गात सगळ्यांना कळून चुकलं की पहिली कोण येणार. मॅडम वही तपासताना तिची वही उचलून सगळ्यांना दाखवायची. तिनं प्रत्येक क्रियापदापुढे बारीक चित्र काढलेलं: कान, शेपटी, खांदा. आणि खाली तीन-तीन वाक्यं. "ही बघा, अशी गाईड हवी," मॅडम म्हणायची. माझ्या वहीत तिनं लाल शाईनं लिहिलं होतं, प्रयत्न चांगला. सहा जागा. मी बोटं मोजून पाहायची, तर माझा नंबर कधी सहावा यायचा, कधी सातवा.

तोंडी परीक्षा जंगलातच होती. दोन जिप्स्या, मागे परीक्षा घेणारे साहेब, पुढे ड्रायव्हरच्या शेजारी गाईडच्या सीटवर बाई. जे दिसेल त्यावर बोलायचं, इंग्रजीत. आदल्या दिवशी संध्याकाळी माझा नवरा गेटवरून आला, खोकला, पाय धुतले आणि चुलीपाशी येऊन बसला.

"ऐक वो," तो म्हणाला. "उद्या परीक्षेच्या दोन गाड्या हायेत. एक माही. धाकटीचं नाव माह्याच गाडीत लागलं. ते कशी बोलन माह्याजवळ बसून? गेटवरच्या बाबूले सांगून नाव बदलून घेतो. तुले इकडे घेते, तिले तिकडे टाकते. एका शब्दाचं काम हाय."

मी भाकरी थापत होते. हात थांबला नाही, हे मला अजून आठवतं. मी म्हटलं, "कायले? मी विचारलं तिले. ते म्हणते, चालते. आता गाईड व्हाचं त हे सोडाच लागते, म्हणते."

"तिनं म्हटलं असं?"

"त काय मी खोटं बोलून राह्यली?"

तो माझ्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "बरं मंग. सुधारली म्हणाची."

मी तिला काही विचारलं नव्हतं. ती चार हातांवर होती, भिंतीपलीकडे, भांडी घासत; त्या खणखणाटात तिला आमचं काही ऐकू गेलं नाही. त्या भिंतीला वरून खिडकीएवढी मोकळी जागा होती. मी मान वर केली असती तरी दिसली असती. मनात मात्र मी स्वतःला फार छान समजावलं. बाईनं आता पुढं यायला पाहिजे. पदरात तोंड खुपसून इंग्रजी होत नाही. कोणीतरी तिला ढकललंच पाहिजे. असं भाषण केलं मी माझ्यापुढे, आठ मार्चला करतात तसं. त्यात खोटं एवढंच होतं की मला सहावी जागा हवी होती.

सकाळी गेटवर तिनं गाडी पाहिली, गाडीत कोण बसलं आहे ते पाहिलं, आणि माझ्याकडे पाहिलं. मी दुसऱ्या गाडीत आधीच चढले होते. हातात वही, डोळ्यांवर गॉगल. तिच्या डोळ्यांत नुसता प्रश्न होता, राग नव्हता. ती मला 'काही तरी करा' म्हणत होती. मी खाली वाकून रस्त्यावर पायठसा शोधू लागले. गेटच्या डांबरी रस्त्यावर.

माझ्या गाडीला वाघ दिसलाच नाही. एक वानर तेवढं भेटलं, तेंदूच्या झाडाखाली बसलेलं. मी पाठ केलेलं सगळं त्या गरिबावर ओतलं. द मंकी इज अँटिसिपेटिंग. द मंकी इज हेजिटेटिंग. द मंकी इज टॉलरेटिंग अस. साहेब पोट धरून हसले. खाली उतरताना म्हणाले, बाई हिंमतीची आहे.

तिच्या गाडीत काय झालं ते मला माझ्या नवऱ्यानं सांगितलं, आणि मागे बसलेल्या दुसऱ्या बाईनंही. ती आधी मागेच बसायला गेली. साहेब म्हणाले, गाईडची जागा पुढे. ती पुढे बसली, दाराला चिकटून, डोक्यावरून पदर ओढून. तळ्याच्या वळणावर वाघीण निघाली. सोबत तीन पिल्लं. तिघं पाठोपाठ, शेवटचं मागे राहिलेलं. वाघीण रस्त्याच्या कडेला येऊन एक पाय उचलून थांबली. अख्ख्या वर्गात कुणाला मिळाला नसता असा वाघ तिला मिळाला. साहेबांनी विचारलं, "बोला. व्हॉट इज शी डूइंग?" ती बोलली नाही. पुन्हा विचारलं. मागची बाई म्हणाली, तिचे ओठ हलत होते पण आवाज नव्हता.

तेव्हा माझ्या नवऱ्यानं गळ्यातला दुपट्टा काढला, डोक्याला गुंडाळला, दोन्ही कानांवरून घट्ट बांधला आणि तोंड दुसऱ्या बाजूला, बांबूकडे फिरवलं. जंगलात गाडीतून खाली उतरता येत नाही. उतरता आलं असतं तर तो उतरला असता. जेवढं नसल्यासारखं होता येतं तेवढा तो झाला.

तरी ती बोलली नाही. वाघीण गेली, पिल्लं गेली. साहेबांनी कागदावर रेघ मारली.

दुपारी जेवताना हे सगळं सांगून तो म्हणाला, "ते म्हणाली होती ना, चालते?"

मी ताटाकडे पाहत म्हटलं, "ऐनवेळी बिचकली असन वाघाले."

बिचकली. हा शब्द माझा. चार दिवसांत तो गावभर झाला. हातपंपावर बाया तिला म्हणायच्या, "काऊन वो, वाघ पाहून दातखीळ बसली म्हणे?" मोहफुलं वेचायला गेली की, "आज नोको बिचकू बाप्पा." ती हसायची. तिनं एकदाही कुणाला सांगितलं नाही की मी वाघाला नाही भ्याले. सांगायचं तर भासऱ्याचं नाव काढावं लागलं असतं, आणि त्याच्यामुळे झालं असं लोकांनी म्हटलं असतं. तेवढंही तिला नको होतं.

यादी लागली त्या दिवशी माझा सहावा नंबर. ती भिंतीपाशी आली, हातात तिची वही. "बाई, बरं झालं. घरात एक त लागली. हे घ्या, तुमच्या कामी पडन."

मी घेतली. लाज वाटायला पाहिजे होती, पण मला तेव्हा गणवेशाचं माप द्यायचं होतं.

आता खरं सांगते. पुढे दहा वर्षं मी जी गाईड म्हणून नावाजली गेले ती त्या वहीच्या जिवावर. पाहुणे म्हणायचे, ही बाई वाघ कसा सांगते! वाघीण रस्ता ओलांडताना मी म्हणायची, शी इज नॉट अफ्रेड, शी इज डिसायडिंग. ते वाक्य तिचं. सांबर ओरडलं की मी म्हणायची, ही हॅज सेन्स्ड समथिंग वुई कॅनॉट. तेही तिचंच. वहीत काळ्या शाईनं, बारीक चित्राखाली. माझं स्वतःचं म्हणावं असं त्या दहा वर्षांत एकच क्रियापद होतं, आणि ते बिबट्याचं मी सांगितलंच आहे.

दुसरी परीक्षा बरीच वर्षं झाली नाही. झाली तेव्हा तिचं वय बसत नव्हतं. मॅडम कधीच निघून गेली होती. धाकटी जंगलाच्या कामावर मजुरीला लागली. उन्हाळ्याआधी वणवा पसरू नये म्हणून रस्त्याच्या कडेचं गवत कापून पट्टा साफ करतात, ते काम. सगळं वाकून. पहाटे आमची जिप्सी तिथून जायची, माझा नवरा चालवत, मी शेजारी. गाडीचा आवाज आला की बाकीच्या बाया हात हलवायच्या. ती मात्र रस्त्यावरून खाली उतरून पाठ फिरवून उभी राहायची, डोक्यावर पदर. माझा नवरा तिथं गाडी अगदी सावकाश करायचा, तिच्या अंगावर धूळ उडू नये म्हणून. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नाही, आणि रोज न चुकता एकमेकांची कदर केली. मधे बसून मी पाण्याची बाटली शोधायची.

एकदा एका म्हाताऱ्या परदेशी बाईनं विचारलं, ती आपल्याला घाबरते का? मी म्हटलं, नो मॅडम. मग काय करते आहे, म्हणाली. मला इतकी क्रियापदं येत होती. मी म्हटलं, शी इज रेस्टिंग.

दोन हिवाळ्यांआधी माझा नवरा गेला. सकाळी गाडी पुसता पुसता बसला आणि उठला नाही. अंगणात ठेवलं होतं. गाव जमलं होतं, गेटवरचे सगळे ड्रायव्हर आले होते. बाया रडत होत्या. मी भिंतीला टेकून बसले होते. तेवढ्यात माझी जाऊ घरातून बाहेर आली. पदर डोक्यावर होताच. पण ती आली ती सरळ, पुरुषांच्या मधून, आणि त्याच्या पायांपासून दोन हातांवर जमिनीवर बसली. आणि बोलली. सगळ्यांना ऐकू जाईल असं. तीस वर्षांत पहिल्यांदा.

"भाऊजी, तुम्ही त्या दिवशी कान बांधले. माह्यासाठी बांधले. मी तरी बोलली नाई. साहेबासमोर तुमची मान खाली पाडली मी. मले माफ करा."

लोकांना काही समजलं नाही. एकदोघी म्हणाल्या, दुःखात बोलते काहीबाही. मला समजलं. तेरा वर्षं ती आपलंच चुकलं म्हणून घेऊन बसली होती. त्या माणसानं आपल्याला वाट करून दिली आणि आपल्यालाच बोलता आलं नाही, असं. आणि मी, जिनं त्या दोघांनाही तिथं आणून बसवलं होतं, मी भिंतीला टेकून होते. उठून तिच्याजवळ जाऊन बसायलाही मला झालं नाही. बाया म्हणाल्या, बिचारीचं डोकं सुन्न झालं.

तेरवी झाली. मग दोन महिने मी रोज ठरवायची आणि रोज टाळायची. शेवटी एका दुपारी आम्ही दोघी अंगणात लाखोळीची डाळ निवडत बसलो होतो. मी सुपाकडे पाहत सांगितलं. आदल्या संध्याकाळी तो काय म्हणाला, मी काय म्हटलं, सगळं. काही गाळलं नाही. सहावी जागासुद्धा.

तिचे हात थांबले. मग म्हणाली, "त्याईनं विचारलं होतं?"

"हो."

"नाव बदलतो म्हणाले होते?"

"एका शब्दाचं काम हाय म्हणाले."

ती सूप पाखडू लागली. फोलकटं उडून माझ्या अंगावर आली. "मले वाटे," ती म्हणाली, "माह्यातच काही तरी कमी हाय. नोकरी बी पाह्यजे आन तोंड बी उघडत नाई. लय वर्सं वाटे मले." मग सूप खाली ठेवून माझ्याकडे सरळ पाहिलं. "बाई, मले सांगून काय फायदा? मी त मेली नाई, जगली. सांगाचं असन त त्या बायाईले सांगा. बिचकली म्हणून राह्यल्या त्या अजून. माह्या सुनेले बी सांगते कोणी."

मी म्हटलं, सांगते.

बचत गटाची बैठक दर महिन्याला समाजमंदिरात असते. त्या वेळी वीसेक बाया होत्या. ती मागच्या रांगेत बसली होती. सह्या झाल्यावर मी उभी राहिले. म्हटलं, मला एक सांगायचं आहे. बाया लगेच सावरून बसल्या, कारण मी उभी राहिले की काहीतरी गंमत असते. ही माझी गावातली ओळख. सासूला काढा करायला लावणारी, सरपंचाची नक्कल करणारी, नातवंडांना भूत म्हणून भिववणारी म्हातारी. मी भाकऱ्या थापण्यापासून सुरुवात केली. "मी नवऱ्याले खोटं सांगितलं," म्हटलं, तशी एक हसली. "मले सहावी जागा पाह्यजे होती," म्हटलं, तशा चारजणी हसल्या. डांबरी रस्त्यावर पायठसा शोधल्याचं सांगितलं तेव्हा तर हॉल हशानं फुटला. एकजण म्हणाली, "मरण हो बाई, वानराचं सांगा ना, वानराचं!" मी म्हटलं, "अवो, हे खरं हाय. ते बिचकली नव्हती. मी फसवलं तिले." त्या डोळे पुसत होत्या, हसून हसून. अध्यक्षीण म्हणाली, "अशी सोंगं कराले तुम्हीच पाह्यजे." आणि टाळ्या वाजल्या.

मी तिच्याकडे पाहिलं. ती त्या हसणाऱ्या तोंडांकडे एकेक करून पाहत होती, जंगलात बारीक पाहायची तसंच. मग उठली, चपला घातल्या आणि गेली.

मी दुसऱ्यांदा सांगून पाहिलं, हातपंपावर, एकेकीला धरून, तोंड गंभीर करून. त्या म्हणतात, "पुरे आता, पोट दुखलं." एकीनं आपल्या लेकीला सांगितलं, या आजीला म्हण, तो भासऱ्याचा किस्सा सांग. आता गावातली पोरंसोरं तो किस्सा माझ्याकडे मागतात. त्यात धाकटी बिचकते, हे तसंच राहिलं आहे. उलट पक्कं झालं आहे.

परवा तिच्या दारात गेले. ती ओट्यावर टोपली घेऊन चिंचा फोडत होती. मी म्हटलं, "सांगितलं मी त्यायले. नाई आयकत कोणी."

"आयकलं ना," ती म्हणाली. "आयकूनच हासल्या."

"मी अजून सांगीन."

"नोको बाई. आता राहू द्या."

तिनं बसा म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. मी तशीच उभी राहिले. खाली पडलेले चिंचोके मग मी वेचून एका बाजूला ठेवू लागले. तिनं टोपली माझ्याकडे सरकवली नाही. दुसऱ्या हातानं टोपली आपल्या अंगाशी घेतली, आणि चिंचा फोडत राहिली.